आजचा मुक्काम तेवढा नक्की: बेळगाव सीमाभागात बेत न आखता फिरण्याची रीत

बेत न आखता फिरायचं म्हणजे काहीच ठरवायचं नाही, अशा समजुतीने निघालेला माणूस या भागात हमखास संध्याकाळी साडेसहाला एखाद्या तिकटीवर उभा सापडतो. शेवटची गाडी गेलेली, मोबाईलला रेंज नाही, चहाच्या टपरीवाला फळ्या लावतोय. मोकळं फिरण्याची मुंबई-पुण्याकडची कल्पना इथे चालत नाही, कारण रात्री नऊला ॲपवरून खोली शोधण्याची सोय बेळगाव शहर सोडलं की संपते. इथे दोन गोष्टी पक्क्या लागतात: आज रात्री पाठ टेकायची जागा आणि तिथे पोचवणारी शेवटची गाडी. उद्याचं उद्या. ही दोन टोकं दुपारी तीनच्या आत बांधून टाकली की उरलेला दिवस खरोखर मोकळा राहतो, आणि एखादं गाव आवडलं तर चार दिवस जास्त राहायलाही कुणाला विचारावं लागत नाही.

आधी मुलूख समजून घ्या

बेळगावच्या आसपास तासा-दीड तासाच्या प्रवासात जमीन, पीक, भाषा आणि जेवण बदलतं. पश्चिमेला खानापूर तालुका: घाटमाथा, भात, काजू, दाट जंगल, घरोघरी मराठी, आणि लोंढ्याच्या पुढे रामनगर-जोयड्याकडे कोंकणीही. उत्तरेला संकेश्वर, निपाणी, चिकोडी: ऊस, तंबाखू, कृष्णा-दूधगंगा-वेदगंगेचा सखल भाग, मराठी आणि कन्नड दोन्ही. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल, कित्तूर: काळी जमीन, ज्वारी आणि कन्नड. पाऊसही तसाच उतरत जातो. कणकुंबी-आमगावकडे हजारो मिलिमीटर कोसळतो, तर अथणीचा शेतकरी त्याच दिवशी आभाळाकडे बघत असतो. म्हणून 'पावसाळ्यात जावं का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व पट्टा उत्तम, घाटमाथा फक्त भिजण्याची खरी हौस असणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा येणाऱ्याने दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा. सुगी झालेली असते, सकाळी थंडी असते आणि रस्ते शाबूत असतात. एप्रिल-मे पूर्वेकडे नकोच.

पिशवी

सॅक ४० लिटरची पुरे, वजन ८ किलोच्या आत. यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, आणि खेड्यांच्या गाड्या सकाळ-संध्याकाळ गच्च भरतात. साठ लिटरची सॅक वरच्या फळीवर चढत नाही, मांडीवर मावत नाही, आणि उभं राहिलात तर मागच्या म्हातारीच्या तोंडावर येते. (बाहेरच्या राज्यातल्या महिलांनी लक्षात ठेवावं: ही सवलत कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र असेल तरच. तसंच आपल्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच धरली जाते, पुढचं तिकीट पूर्ण.)

कपड्यांचे तीन जोड. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास मारतो, त्यामुळे पॉलिस्टरचे पातळ कपडे घ्या. टॉवेलऐवजी पंचा. एक चादर स्वतःची हवीच, पण जाड सोलापुरी नको, ती एकटीच किलोभराच्या वर भरते. पाच मीटर नायलॉनची दोरी आणि आठ-दहा चिमटे. टॉर्च. दहा हजार एमएएचची पॉवर बँक. बॅगेच्या आत मोठी काळी कचऱ्याची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात ठेवा, कारण बाहेरून घातलेलं कव्हर पाठीच्या बाजूने येणारं पाणी थांबवत नाही. छत्री लांब दांड्याची घ्या. रेनकोट घालून चढ चढलात की आतून घामाने भिजता ते भिजताच.

कागद: आधारची मूळ प्रत आणि चार झेरॉक्स. लहान गावच्या लॉजवर झेरॉक्स मागतात आणि रात्री आठनंतर झेरॉक्सचं दुकान बंद असतं. रोख दोन-तीन हजार कायम जवळ असू दे, त्यातले निम्मे तरी शंभर-पन्नासच्या नोटांत. क्यूआर कोड हल्ली प्रत्येक टपरीवर दिसतो, पण जांबोटीच्या पुढे आणि हेम्मडग्याच्या जंगलात रेंज गेली की तो नुसता चिकटवलेला कागद.

गाडी: सगळं गणित इथेच आहे

या भागातला मोकळा प्रवास वस्तीच्या गाडीभोवती फिरतो. तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी सुटणारी, शेवटच्या खेड्यात रात्रभर मुक्काम करणारी आणि पहाटे किंवा सकाळी पोरांना-बाजारकऱ्यांना घेऊन परतणारी बस म्हणजे वस्तीची गाडी. तिने गेलात तर रात्री परत येण्याचा मार्ग नसतो, पण सकाळी बाहेर पडण्याची खात्री असते. उलट दुपारी दोनच्या गाडीने गेलात आणि ती त्या गावची शेवटची असेल, तर सकाळी पहिली गाडी किती वाजता हे विचारल्याशिवाय उतरू नका.

कुठल्याही नव्या तालुक्याच्या स्टँडवर उतरल्यावर बाहेर पडण्याआधी कंट्रोलरच्या खिडकीशी जा आणि तीन गोष्टी विचारून वहीत लिहा. एक, अमुक गावाला शेवटची गाडी किती वाजता. दोन, ती वस्तीला थांबते की फिरून येते. तीन, तिथून सकाळची पहिली गाडी किती वाजता निघते. मग स्टँडसमोरच्या चहावाल्याला हेच परत विचारा. दोघांचं उत्तर जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर चहावाल्याचं धरा. कंट्रोलर कागदावरची वेळ सांगतो, चहावाला रोज बघितलेली.

वेळापत्रक कुठे फसतं त्याची कारणं ठरलेली आहेत. खेड्यांच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेला बांधलेल्या असतात, त्यामुळे रविवारी आणि सुट्टीत त्या गाळल्या जातात. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रा भरतात तेव्हा आगारांतून गाड्या तिकडे वळवल्या जातात आणि खेड्याची फेरी मुकाट्याने रद्द होते. जोराच्या पावसात गाडी गावापर्यंत जात नाही, अलीकडच्या फाट्यावरून फिरते. खानापूर-हेम्मडगा रस्त्यावरचा हालात्रीचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, आणि निपाणी-चिकोडीकडे जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे सखल बंधारे-पूल पहिल्या मोठ्या पुरातच बुडतात. मग चार किलोमीटरवरचं गाव तीस किलोमीटर वळसा घालून येतं. पूर उतरायला दोन दिवसही लागतात आणि आठही. अशा वेळी घाई असलेला माणूस चिडतो. तुम्हाला घाई नाही, हीच तुमची जमेची बाजू.

पाट्या. खेड्यांच्या गाड्यांवरची पाटी बहुतेक फक्त कन्नडमध्ये असते, कधी कधी आकडेही कन्नड. पुढच्या दोन-तीन गावांची नावं कुणाकडून तरी वहीत कन्नडमध्ये लिहून घ्या आणि पाटीवरच्या अक्षरांशी ताडून बघा. पहिलं आणि शेवटचं अक्षर जुळलं तरी काम भागतं. शिवाय चढताना कंडक्टरला विचाराच: "खानापूर होगुत्ता?" म्हणजे खानापूरला जाते का. 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्ली' म्हणजे कुठे, 'एष्टु गंटेगे' म्हणजे किती वाजता, 'ऊटा' जेवण, 'नीरु' पाणी, 'बेकु' हवं, 'बेडा' नको. आणि सगळ्यात उपयोगी वाक्य: "ननगे कन्नड बरोदिल्ल", मला कन्नड येत नाही. हे कन्नडमधून सांगितलं की समोरचा माणूस हसतो आणि निम्मे वेळा मराठीतच उत्तर देतो. खानापूर, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि निपाणीत सरळ मराठीत बोला. "कुठं जाऊलास?" असं कुणी विचारलं तर गोंधळू नका, ती इथली रोजची मराठी. पूर्वेकडे मात्र सुरुवात दोन कन्नड शब्दांनी करावी, मग हिंदी.

रेल्वे या भागात बसपेक्षा भरवशाची, फक्त थोड्या फेऱ्यांची. मिरज-कुडची-रायबाग-घटप्रभा-बेळगाव-खानापूर-लोंढा हा एकच मार्ग, आणि त्यावर थांबत जाणारी साधी गाडी मिळाली तर ती सोडू नका. देसूर, इदलहोंड, गुंजी अशा लहान स्टेशनांवर उतरता येतं. दोन सापळे आहेत. 'चिकोडी रोड' स्टेशन चिकोडी गावापासून कित्येक किलोमीटर लांब आहे आणि 'गोकाक रोड'चंही तेच. तिथे रात्री उतरलात तर पुढे वाहन मिळेलच असं नाही. खानापूरचं स्टेशन मात्र गावातच आहे.

वडाप किंवा टमटम हा तिसरा मार्ग. भरल्याशिवाय सुटत नाही, बाजाराच्या दिवशी भराभर सुटते. बेळगावचा बाजार शनिवारी, खानापूरचा रविवारी. त्या दिवशी दुपारी तीन ते पाच या वेळात खेड्याकडे जाणारं वाहन जवळपास नक्की मिळतं.

रात्रीची जागा

खोलीसाठी सहाशे ते हजार रुपये धरून चाला, बेळगाव शहरात थोडे जास्त. तालुक्याच्या गावी स्टँडजवळ दोन-तीन लॉज असतात. खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका आणि बघताना या क्रमाने बघा: आतली कडी नीट बसते का, नळाला आत्ता पाणी आहे का, पंखा चालतो का, खिडकीला जाळी आहे का, गादी उचलून कोपऱ्यात ढेकणाचे काळे ठिपके आहेत का. मग विचारा, चेक आऊट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा. चोवीस तासांचा असेल तर संध्याकाळी पाचला खोली घ्या, दुसरा सगळा दिवस सामान आत ठेवून फिरता येतं.

एकट्या माणसाला काही लॉजवाले खोली नाकारतात. पोलिसांच्या कटकटीची आणि खोलीत कुणी जिवाचं बरंवाईट करून घेईल याची त्यांना धास्ती असते. हुज्जत घालू नका. आधार पुढे करा, काय बघायला आलात ते सांगा, घरचा फोन नंबर द्या. तरीही नाही म्हणाला तर पुढचा लॉज. बायकांनी एकट्याने फिरताना स्टँडलगतचा बार-लॉज टाळून ज्याच्या खाली कुटुंबांचं हॉटेल चालतं असा लॉज निवडावा, आणि नव्या गावी उजेडातच पोचावं.

खेड्यात लॉज नसतो. तिथे देऊळ, मठ किंवा कुणाची पडवी. यल्लम्मा डोंगरासारख्या मोठ्या क्षेत्री भक्तांसाठी खोल्या असतात, यात्रेचे दिवस सोडले तर मिळतात. लहान गावात थेट देवळात पथारी टाकू नका. आधी पुजारी, मग देवस्की पंचांपैकी (देवस्थानाचा कारभार बघणाऱ्यांपैकी) एखादा जाणता माणूस, अशी परवानगी घ्या. पंचायत उघडी असेल तर पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) कानावर घाला. संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचलात तर लोक तुम्हाला पाहुणा समजतात, आठला पोचलात तर संशयित. ताट वाढलं गेलं तर पैसे पुढे करू नका, घरातलं कुणी घेणार नाही. देवळाच्या पेटीत टाका, किंवा दुसऱ्या दिवशी बाजारातून केळी, चहापूड, साखर आणून द्या.

गावात शिरण्याआधी एक चौकशी करा: आज वार आहे का? बेळगाव-खानापूरकडच्या अनेक गावांत महालक्ष्मी यात्रेच्या आधी ठरावीक वार पाळतात. त्या दिवशी शेतकाम बंद असतं, काही ठिकाणी बाहेरच्यांनी यायचं नसतं. आणि प्रत्यक्ष यात्रा भरली की उलटं होतं. वर्षानुवर्षांनी येणारी ती यात्रा, घरटी पन्नास पाहुणे. झोपायला जागा नाही, पण उपाशी कुणी राहत नाही.

जंगलात तंबू ठोकायचा विचार सोडून द्या. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं आहे, त्यात परवानगीशिवाय मुक्काम करणं गुन्हा आहे. जंगलात राहायची हौस असेल तर हेम्मडग्याला वनखात्याचा निसर्ग कॅम्प आहे. त्याचं मात्र आधी आरक्षण करावं लागतं, म्हणजे तेवढा एक बेत आखावा लागतो.

दोन दिवसांचे दहा होतात तेव्हा

जास्त राहिलात म्हणजे जास्त खर्च, असं नाही. खर्च वाढतो तो रोज गाव बदलल्याने. तिसऱ्या सकाळी लॉजच्या मालकाशी बोला (मॅनेजरशी नव्हे) आणि आठवड्याचा भाव विचारा. पैसे आठवड्याचे आगाऊ देऊ नका, तीन-तीन दिवसांचे द्या. बदल्यात रोज चादर बदलायची नाही, खोली झाडायला दोन दिवसांतून एकदा माणूस, असं स्वतःहून सांगा. लहान लॉजमध्ये यावर भाव बऱ्यापैकी उतरतो. गर्दीचा हंगाम असेल तर उतरत नाही, मग ताणू नका.

जेवणासाठी खानावळ शोधा, हॉटेल नको. पूर्वेकडे 'लिंगायत खानावळी' अशी पाटी दिसली की शाकाहारी, ज्वारीची भाकरी, भरलं वांगं म्हणजे एण्णगायी, कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. 'सावजी' लिहिलं असेल तर मटण आणि तिखट. खानापूरकडे भात-आमटी, मासे. चार दिवस राहणार असाल तर खानावळवाल्याला सांगून ठेवा, तो तुमच्यासाठी दोन भाकऱ्या बाजूला ठेवतो. दुपारी दीडच्या आधी जा, अडीचला गेलात तर भात उरलेला असतो, भाजी नसते. बेळगावात नाश्त्याला पुरी-पातळभाजी. कुंदा एकदा खा, आणि लग्नसराईत कुठे मांडे दिसले तर तेही.

महिनाभर राहायची वेळ आली तर बेळगावात टिळकवाडी, शहापूर, वडगाव या भागांत विद्यार्थ्यांच्या खोल्या मिळतात. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि बाकी कॉलेजांमुळे मे-जूनमध्ये त्या रिकाम्या होतात आणि भाव पडतो. मालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नाही, पाण्याचा विचारा: नळाला किती दिवसांनी पाणी येतं, विहीर किंवा बोअर आहे का. शहराच्या बऱ्याच भागांत पाणी रोज येत नाही. वीज जाणार असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीचं निवेदन आदल्या दिवशी बेळगावच्या 'तरुण भारत'च्या आतल्या पानावर येतं. त्याच पानावर गावोगावच्या यात्रा, कुस्तीची मैदानं, कीर्तन-भजनाचे कार्यक्रम असतात. रेंगाळणाऱ्याने हा पेपर रोज घ्यावा, यापेक्षा चांगली मार्गदर्शिका नाही.

कुठे अडकून पडण्यासारखं आहे

पहिला तळ खानापूर धरा. बेळगावपासून २६ किलोमीटर, स्टँड, स्टेशन, दवाखाना सगळं चालत गाठता येतं आणि गाड्या चारही दिशांना फुटतात. मलप्रभेकाठी असोग्याचं रामलिंग देऊळ सकाळच्या फेरीत होतं. नंदगडला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिलं, त्याची समाधी तिथे आहे. तिथून पुढे हलशी, म्हणजे कदंबांची पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात एकाच छपराखाली दोन गाभारे समोरासमोर आहेत. बहुतेक लोक अर्ध्या तासात फोटो काढून निघतात. हलशीला सकाळच्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने परत या, दिवस कसा गेला कळणार नाही.

पश्चिमेचा फाटा जांबोटीकडून. वाटेत हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुती आहे, पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, तेव्हा दर्शन काठावरूनच घ्यायचं. पुढे कणकुंबी, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. इथे रात्र काढायची तर आधी जागा पक्की करून जा, आयत्या वेळी मिळणं कठीण. कळसा-भांडुराच्या पाण्यावरून गोव्याशी चाललेला वाद याच गावाशी निगडित आहे, त्यामुळे कालव्याचे फोटो काढत हिंडू नका, लोक तुम्हाला गोव्याचा माणूस समजतील. चोर्ला घाटाची गोव्याला जाणारी वाहतूक भरधाव असते. त्या रस्त्यावर पायी चालण्यात मजा नाही.

पूर्वेला दुसरा तळ गोकाक. घटप्रभेचा धबधबा ५२ मीटरचा, जुलै ते सप्टेंबर बघण्यासारखा. एरवी खडक. सूतगिरणीसाठी इथे १८८७ मध्येच पाण्यावर वीज काढली होती. मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबा गर्दीने कमी, पण शेवटचा टप्पा चालायचा आहे. शेवाळलेल्या खडकावर चपलेने जाऊ नका. करदंट बांधून घ्या, सुकामेवा-गूळ-डिंकाचा तो लाडवासारखा पदार्थ आठ-दहा दिवस टिकतो आणि गाडी चुकली की जेवणाची जागा घेतो.

कित्तूरचा पडका वाडा आणि वस्तुसंग्रहालय दोन तासांचं काम. खरं बघण्यासारखं जवळच्या देगावचं कमलनारायणाचं देऊळ आहे, कदंबांच्या काळातलं, आणि तिथे बहुधा तुम्ही एकटेच असाल. अथणी खास चपलांसाठी. निपाणी मला विचाराल तर मुक्कामाचं गाव नव्हे, गाडी बदलण्याचं.

काय बिघडतं

घाटमाथ्यावर पावसात जळवा. ओढून काढू नका, तोंड आत तुटलं तर जखम चिघळते. नखाने बाजूने सरकवा किंवा मिठाची ओली पुरचुंडी टेकवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा द्रव सोडते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. हिवाळा-उन्हाळ्यात जळवांची जागा गोचिडी घेतात आणि त्या जास्त धोक्याच्या. शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि तो गोचिडीतूनच पसरतो. डिसेंबर ते मे जंगलात शिरताना पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, बाहेर आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागे तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

खानापूरच्या जंगलात अस्वल, गवा आहेत, आणि भाताच्या सुगीत दांडेलीकडचे हत्ती शेतात उतरतात. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ जंगलातल्या वाटेने पायी जायचं नाही, गावकरीही जात नाहीत. 'दोनच किलोमीटर आहे' हे कुणी सांगितलं तरी नाही. पावसाळ्यात तालुक्यातल्या धबधब्यांवर वनखातं बरेचदा बंदी घालतं. चौकी चुकवून जाण्यात शहाणपण नाही, दंड होतो आणि घसरलात तर शोधायला कुणी येत नाही. कॅसलरॉकवरून रुळांवरून दूधसागरला जाणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि पोलीस पकडतात. आणीबाणीत ॲम्ब्युलन्ससाठी १०८. साप चावला तर मांत्रिक नको, आधी सरकारी दवाखाना.

बेळगावात किल्ला आणि कॅम्प भागात लष्कर आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथेच. कमल बसदी आणि रामकृष्ण आश्रम बघा, पण कुंपणं, फाटकं, परेड यांचे फोटो काढू नका.

आणि तारखा. १ नोव्हेंबरला एका बाजूने राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. शहरात बंदोबस्त असतो, त्या दिवशी खेड्यात राहा. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधमध्ये भरलं की, बहुधा डिसेंबरात, बेळगावातले लॉज अधिकारी आणि आंदोलकांनी भरतात. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशी मात्र मुद्दाम गाठावी, फक्त खोली आठवडाभर आधी घ्या. सीमावादावर तुम्ही विषय काढू नका. समोरच्याने काढला तर ऐका. बसमध्ये कंडक्टरशी भाषेवरून वाद तर कुठल्याच परिस्थितीत नाही.

तणाव वाढला की आंतरराज्य बस दोन्हीकडून थांबतात. कर्नाटकच्या गाड्या कोगनोळी नाक्यापर्यंत, महाराष्ट्राच्या कागलपर्यंत. अशा वेळी बेळगावहून मिरजेची रेल्वे गाठा, ती बहुतेक चालू असते. चंदगडच्या बाजूने बाचीपर्यंत स्थानिक वाहन, तिथून चालत शिनोळी, की महाराष्ट्र. जुलै-ऑगस्टमध्ये पुराने महामार्ग निपाणीजवळच्या यमगर्णीला बंद पडला, जसा २०१९ आणि २०२१ मध्ये पडला होता, तर निपाणीत अडकून पडण्यापेक्षा बेळगावातच थांबा. परतीचं आरक्षण आधी काढून ठेवायचं नसेल तर रविवार संध्याकाळ टाळा. पुण्या-मुंबईकडे जाणारी नोकरदार मंडळी त्याच वेळी निघतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी कोल्हापूरच्या साध्या गाडीत जागा मिळते आणि पुढचं कोल्हापुरात बघता येतं.